चेहरा नसलेली वास्तू : बंगळूरची भुयारी स्थानके

वास्तूचे परीक्षण ही गोष्ट मराठीत अद्याप म्हणावी तशी रुळलेली नाही. ग्रंथाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गाण्याच्या बैठकीचेही होते. परंतु ज्या इमारतींतून आपण रोज वावरतो त्यांच्याविषयी लिहिताना 'भव्य', 'प्रशस्त' आणि 'अद्ययावत' या तीन विशेषणांपलीकडे आपली लेखणी क्वचितच जाते. त्यातून रेल्वेचे स्थानक हा तर रसिकतेचा विषयच नव्हे, अशी एक रूढ समजूत आहे. माणूस तेथे जातो तो तेथून निघण्यासाठी. मग त्या वास्तूच्या गुणदोषांची चिकित्सा कशासाठी करावयाची? आम्हांस मात्र असे वाटते की, देवळाच्या खालोखाल सामान्य माणसाच्या वाट्याला येणारी सार्वजनिक वास्तू कोणती असेल तर ती स्थानकाचीच. एखादा ग्रंथ न वाचण्याची मोकळीक वाचकास असते. स्थानक न पाहण्याची मोकळीक कचेरी गाठणाऱ्यास नसते. म्हणूनच त्याच्या परीक्षणाची निकड अधिक.

बंगळुरास आगगाडी आली ती १८६४ साली. तिच्या आदल्याच वर्षी, १८६३च्या जानेवारीत, लंडन येथे जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली होती. म्हणजे जमिनीवरची गाडी या शहरास जवळजवळ समकालीन म्हणून लाभली, परंतु जमिनीखालच्या गाडीसाठी दीडशे वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. भारतात हा मान प्रथम कलकत्त्यास, २४ ऑक्टोबर १९८४ रोजी मिळाला. बंगळूरची मेट्रो २० ऑक्टोबर २०११ रोजी धावू लागली ती खांबांवरून. कब्बन पार्कपासून सिटी रेल्वे स्थानकापर्यंतच्या सुमारे ४.८ किलोमीटर लांबीच्या भुयारी भागाचे उद्घाटन २९ एप्रिल २०१६ रोजी झाले. दक्षिण भारतातील असा हा पहिलाच मार्ग. पुढे १७ जून २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते दक्षिणोत्तर मार्गाचा उर्वरित भाग खुला झाला आणि पहिला टप्पा पुरा झाला. या टप्प्यातील भुयारी स्थानके सात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचाच विचार करणार आहोत.

भुयारी स्थानकाची पहिली अडचण अशी की, त्यास बाह्यांग नसते. बोरीबंदरच्या इमारतीवर आपण काही बोलू शकतो, कारण तिला घुमट आहे, कमानी आहेत, रस्त्याकडे वळलेला चेहरा आहे. भुयारी स्थानकास केवळ मुख असते. रस्त्याच्या कडेला एक छत, खाली उतरणारा जिना, एक फलक. जे काही वास्तुशिल्प असेल ते सगळे पोटात. अशा वास्तूची पारख कोणत्या कसोटीवर करावी? पाश्चात्त्य ग्रंथांत ही कसोटी शोधण्याची गरज नाही. ती आपल्या सह्याद्रीतच आहे. लेणे हीदेखील बाह्यांग नसलेलीच वास्तू होय. परंतु कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीत घोड्याच्या नालाच्या आकाराचे जे मोठे गवाक्ष आहे, ते आतल्या स्तूपापर्यंत प्रकाश पोहोचविते. आत शिरणाऱ्यास आपण कोठून आलो, कोठे जावयाचे आणि कशासाठी, हे तो प्रकाशच सांगतो. खांबांच्या दोन रांगा त्याची पावले स्तूपाकडे नेतात. तेव्हा प्रकाश, दिशा आणि स्मृती या तीन कसोट्या आम्ही लेण्यापासून उसन्या घेतो. जमिनीच्या पोटात बांधलेली वास्तू उजेड कसा वागविते, माणसास वाट कशी दाखविते, आणि आपण कोणत्या भूमीत उतरलो आहोत याची आठवण देते की नाही, हे आपणांस पाहावयाचे आहे.

सातांपैकी सर्वांत मोठे स्थानक मॅजेस्टिकचे. त्याचे अधिकृत नाव नाडप्रभू केंपेगौडा स्थानक. परंतु शहर त्यास मॅजेस्टिकच म्हणते, आणि हे नाव एका चित्रपटगृहाचे आहे. चित्रपटगृह गेले, नाव उरले. त्याही आधी या जागी धर्मांबुधी नावाचे तळे होते. तळे आटले, त्याच्या तळाशी बसगाड्यांचे आगार झाले, आणि त्या आगाराच्या जमिनीचा काही भाग घेऊन, ती उघडी खणून, मेट्रोचे स्थानक बांधले गेले. जेथे पाणी मुरत असे तेथे आता माणसे मुरतात, असे कोणी म्हटल्यास ते अगदीच गैर होणार नाही. सुमारे ४८,००० चौरस मीटरचा हा पसारा दोन थरांत मांडलेला आहे. वरच्या थरातून पूर्व-पश्चिम जाणारी जांभळी वाट, खालच्या थरातून दक्षिणोत्तर जाणारी हिरवी वाट.

आता, दोन वाटा एकमेकींस छेदतात ही वास्तुकाराच्या दृष्टीने केवढी मोठी संधी! या शहराची जन्मकथाच मुळी एका छेदबिंदूची आहे. १५३७च्या सुमारास केंपेगौडाने दोड्डपेट आणि चिक्कपेट यांच्या चौकातून चार दिशांना चार नांगर सोडले व त्या नांगरटीच्या रेषांवर बंगळूरचे रस्ते उभे राहिले, अशी आख्यायिका येथे घरोघर ठाऊक आहे. त्याच केंपेगौडाचे नाव दिलेल्या स्थानकात चार दिशांच्या गाड्या एकत्र येतात, आणि तरीही तो चौक प्रवाशाच्या दृष्टीस कोठेही पडत नाही. वरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसास आपल्या पायांखालून दुसरी गाडी आडवी जात आहे हे कळण्याची काहीच सोय नाही. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन प्रकार मानले. येथे विरोधलय स्थापत्याने आयती आणून दिली होती: वरची आडवी, खालची उभी. तिला दृश्यरूप दिले असते तर एक मोठे दालन त्या अनुभवाने भारून गेले असते. प्रत्यक्षात मात्र दोन थर दोन वेगळ्या फायलींप्रमाणे एकावर एक ठेवलेले आहेत. त्यांचा संबंध सरकत्या जिन्यापुरता. दिशा दाखविण्याचे काम वास्तूने सोडून दिले आणि ते रंगीत बाणांकडे आले. ज्या इमारतीस पदोपदी बाण लावावे लागतात तिच्या रचनेत काहीतरी बोलावयाचे राहून गेले आहे, असे आम्ही समजतो. प्रकाशाविषयी तर बोलावयासच नको. खालच्या फलाटावर माध्यान्ह आणि मध्यरात्र यांत काही भेद उरत नाही.

येथे कोणी म्हणेल की, एवढ्या खोलीवर सूर्यप्रकाश कसा न्यावा? पुण्याच्या दिवाणी न्यायालयाजवळचे भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, आणि तेथे वरून येणारा सूर्यप्रकाश खाली पोहोचेल अशी योजना केलेली आहे. तेव्हा अडचण खोलीची नव्हती. ती इच्छेची होती.

विधानसौधाचे स्थानक आकाराने लहान, पण विचार करावयास लावणारे. ते ज्या रस्त्याखाली आहे त्याच्या दोन बाजूंना दोन बोलक्या इमारती उभ्या आहेत. एका बाजूस १८६८ साली पुरी झालेली तांबडी अठारा कचेरी, म्हणजे आजचे उच्च न्यायालय. ग्रीक-रोमन खांबांची, इंग्रजी अमदानीचा शांत रुबाब मिरविणारी. तिच्यासमोर विधानसौध. १३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंनी त्याची कोनशिला बसविली आणि १९५६ साली ते पुरे झाले. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांची जिद्द आणि मुख्य अभियंते माणिकम यांची योजना त्यात दिसते. ग्रॅनाइटच्या त्या द्राविडी थाटावर अनेकांनी टीका केली. आम्हांसही त्यात अतिरेक दिसतो. परंतु त्या इमारतीस काही सांगावयाचे आहे, हे कोणास नाकारता येणार नाही. स्वतंत्र झालेल्या प्रजेने परक्या सत्तेच्या कचेरीसमोर आपले घर बांधले आणि ते तिच्याहून मोठे बांधले, हे तिचे म्हणणे. दर्शनी भागावर 'सरकारचे काम हे देवाचे काम' अशा अर्थाचे वाक्य कोरलेले आहे. सरकारी दप्तरात दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्यांस ते वाचताना थोडा संकोच वाटतो, आणि तो वाटावा हीच त्या वाक्याची सार्थकता.

या दोन इमारतींच्या मधोमध, रस्त्याच्या पोटात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणारे स्थानक आहे. वर दोन युगांचा वाद चाललेला. खाली त्या वादाचा प्रतिध्वनीही नाही. ज्या पुरुषाने संविधानाच्या रूपाने या देशाच्या राज्यकारभारास शब्द दिले, त्याच्या नावाच्या वास्तूत शब्दास स्थान असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. कलकत्त्याच्या रवींद्रसदन स्थानकात रवींद्रनाथांची चित्रे आणि हस्ताक्षरे भिंतींवर उमटविली आहेत. गाडीची वाट पाहणारा माणूस नकळत एका कवीच्या खाडाखोडीपाशी उभा राहतो. येथे संविधानाच्या उद्देशिकेतील प्रत्येक शब्द एकेका खांबावर, कन्नडात व अन्य भाषांत, कोरता आला असता. एवढे झाले असते तर फलाटावरून चालणे हेच एक वाचन ठरले असते.

कब्बन पार्क स्थानकाची गोष्ट थोडी निराळी. तेथे सृष्टी या कलाशिक्षण संस्थेने मेट्रोच्या सहकार्याने भिंतींवर चित्रे रेखाटण्याचा उपक्रम चालविला. तरुण हातांची ती धिटाई आम्हांस आवडते. परंतु चित्र भिंतीवर लावणे वेगळे आणि भिंतच चित्रासारखी विचारपूर्वक घडविणे वेगळे. अलंकार कितीही सुबक असला तरी तो शरीराचा सौष्ठव भरून काढीत नाही, हा काव्यशास्त्रातला जुना सिद्धान्त वास्तूसही लागू आहे.

मग शरीर कोणते? बंगळूरचे शरीर दगडाचे आहे. हे शहर ज्या नाइस खडकावर बसले आहे त्याचे वय सुमारे तीन अब्ज वर्षे मानले जाते; लालबागेतील टेकडी हा त्याचाच उघडा पडलेला भाग. भुयारे खोदणाऱ्या यंत्रांना या दगडाने पुरते जेरीस आणले. मध्येच अभेद्य धोंडा, मध्येच कुजलेला मुरूम, अशा मिश्र जमिनीत त्यांची चाल वारंवार अडली. दक्षिणोत्तर मार्गावरील या यंत्रांना कावेरी, कृष्णा, गोदावरी अशी नद्यांची नावे दिली होती. कावेरी येथलीच; परंतु गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि कृष्णा महाबळेश्वरी. दोन मराठी नद्यांनी कन्नड खडक फोडून वाट काढली, असा एक गमतीचा योग येथे जुळून आला. स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेत अनेक स्थानकांवर मूळ खडक उघडाच ठेवून त्यावर रंग दिलेला आहे. बंगळूरची स्थानके खडकात कोरलेली नसून वरून खणून, काँक्रीटची पेटी बांधून केलेली आहेत. तेव्हा तीच रीत येथे जशीच्या तशी चालणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि जो दगड फोडण्यासाठी एवढी वर्षे आणि एवढा पैसा गेला, त्याची ओळख प्रवाशास व्हावी म्हणून त्याचा एखादा उभा छेद स्थानकात मांडून दाखविणे अशक्य नव्हते.

आता स्मृतीची कसोटी. सात स्थानकांची नावे एकापुढे एक मांडून पाहावीत. कब्बन पार्क हे इंग्रज कमिशनर मार्क कब्बन यांच्या नावाने. पुढे आंबेडकर, सर विश्वेश्वरय्या, केंपेगौडा, संगोळ्ळी रायण्णा. बाजाराचे स्थानक कृष्णराजेंद्र वडेयर यांच्या नावाचे. सातांपैकी सहा नावे व्यक्तींची. यांतले रायण्णा तर आमच्या सीमाभागाशी जोडलेले. कित्तूरच्या या वीरास १८३१ साली इंग्रजांनी फाशी दिले ते खानापूर तालुक्यातील नंदगड येथे. एकच स्थानक असे, की ज्यास कोणा व्यक्तीचे नाव नाही: चिक्कपेट. चिक्क म्हणजे लहान; आणि पेट म्हणजे आपली पेठच.

योगायोग असा की, मराठी माणसाच्या दृष्टीने बंगळुरातील सर्वांत अर्थपूर्ण भूमी हीच. १६३८ साली रणदुल्लाखान व शहाजीराजे यांनी विजापूरच्या वतीने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. चिक्कपेटेच्या परिसरात त्यांचा गौरीमहाल होता असे परंपरा सांगते. आज त्याचा मागमूस नाही. त्यांच्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त आले आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो ग्रंथ संपादून प्रसिद्ध केल्यापासून मराठी अभ्यासकांस तो परिचित आहे. त्या दरबारात नाना भाषांचे कवी आपापल्या भाषेत राजाची स्तुती गातात, आणि कोणतीही भाषा दुसरीस उपरी म्हणत नाही. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांचा १६६९चा दानलेख मल्लेश्वरच्या काडु मल्लेश्वर देवळाशी आजही आहे. कृष्णराजेंद्र मार्केटच्या खोदकामात तर २०१२ साली जुन्या तोफाच जमिनीतून वर आल्या. जवळच किल्ला असल्याने त्यांत नवल ते कोणते? अशा वस्तूंचे खरे घर त्या जेथे सापडल्या तेथे, रोज हजारो लोक जातात त्या वाटेवर असते, असे आमचे मत आहे. इतिहास स्थानकाच्या भिंतीपलीकडे हाताच्या अंतरावर असताना भिंत मात्र मुकी राहिली.

वास्तू मुकी राहिली की सगळा भार नावावर आणि फलकावर येतो. आमच्या मते बंगळूरच्या भुयारी स्थानकांसंबंधी आजवर जे वाद झाले त्यांचे मूळ येथे आहे. २०१७च्या उन्हाळ्याअखेरीस फलकांवरील हिंदीविरुद्ध मोठे आंदोलन झाले; मॅजेस्टिक व चिक्कपेट येथील फलकांवरील हिंदी अक्षरांवर कागद चिकटविले गेले, राज्य सरकारने केंद्राकडे लिहिले, आणि अखेर हिंदी उतरविली गेली. त्या वादाचा राजकीय निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु चेहरा नसलेल्या वास्तूत फलक हाच चेहरा ठरतो, आणि आपल्या घराच्या चेहऱ्यावर कोणती लिपी असावी याविषयी घरमालक हळवा असणारच, एवढे आपण समजून घेतले पाहिजे. जी कन्नड माणसाची भावना तीच बेळगावात मराठी माणसाची असते. मग एकीस अस्मिता आणि दुसरीस दुराग्रह म्हणणे न्यायाचे नाही.

दुसरा वाद आमच्या वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याचा. सप्टेंबर २०२५मध्ये, शिवाजीनगरचे भुयारी स्थानक अजून सुरू व्हावयाचे असताना, त्यास सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करू असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी तेथील बॅसिलिकाच्या उत्सवप्रसंगी सांगितले. त्यावर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा छत्रपतींचा अवमान असल्याचे म्हटले. येथील मराठी मंडळींतही ही चर्चा तावातावाने झाली. आमचे मत विचाराल तर वस्तीचे नाव स्थानकास असावे, हाच साधा नियम बरा. कारण स्थानकाचे नाव हे प्रथम पत्ता असते, गौरव नंतर. ब्लॅकपल्ली जाऊन शिवाजीनगर झाले ते लोकांच्या तोंडी बसले आहे. ज्या गॉथिक धर्तीच्या चर्चपाशी दरवर्षी सर्व धर्मांचे लोक लोटतात, ते चर्चही याच शिवाजीनगरात आहे आणि त्याच्या प्रतिष्ठेस स्थानकाच्या नावाची गरज नाही.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आम्ही समीक्षकाचे काम सोडून सभेतल्या वक्त्याचे काम केले असे होईल. शिवाजीनगर हे नाव राखले म्हणजे शिवछत्रपतींची स्मृती राखली काय? पुण्यासही शिवाजीनगरचे भुयारी स्थानक आहे. त्याच्या दर्शनी भागास किल्ल्याचे रूप दिले आहे. त्याच शहरात डेक्कन जिमखाना व संभाजी उद्यान या स्थानकांची छपरे मावळ्यांच्या पगडीच्या आकाराची केली. हा प्रयत्न हेतूने चांगला, परंतु कलादृष्ट्या तो आम्हांस पटत नाही. किल्ल्याचे सौंदर्य त्याच्या वळणांत, दरवाजा लपविणाऱ्या बुरुजात, चढणीच्या मोजणीत असते. बुरुजाचा आकार चिकटविल्याने ते येत नाही. महाराजांचे दुर्गबांधणीचे शास्त्र दाखवावयाचे तर वाट कशी वळवावी, पाणी कसे साठवावे, उतरणाऱ्यास धीर कसा द्यावा, हे स्थानकाच्या रचनेतून दाखविता येईल. पगडी घालून सोंग आणता येते. स्वभाव आणता येत नाही. म्हणजे बंगळूरचे स्थानक मुके, तर पुण्याचे सोंग काढून बोलणारे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती कार्ल्याच्या शिल्पकारास ठाऊक होती.

याची कारणे शोधू गेल्यास ती कोणा एकाच्या दुष्टपणात सापडत नाहीत. सार्वजनिक बांधकाम निविदेच्या भाषेत जन्मते. निविदेत खोली, रुंदी, भार, मुदत आणि किंमत यांना रकाने असतात. प्रकाशास आणि स्मृतीस नसतात. ज्यास रकाना नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते बांधले जात नाही. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेने १९३५ साली कामगारांसाठी राजवाडे बांधले असे म्हणतात. त्या झुंबरांचा हव्यास आम्हांस नको. परंतु सामान्य माणसाच्या रोजच्या वाटेस काही प्रतिष्ठा असावी, हा त्यामागचा विचार त्याज्य नव्हे. बंगळूरच्या स्थानकांनी प्रवाशास वेळ दिला, स्वच्छता दिली, वाहनांच्या गर्दीतून सुटका दिली. हे उपकार लहान नव्हेत आणि ते मान्य न करणारा समीक्षक कृतघ्न ठरेल. उपयुक्ततेची परीक्षा ही स्थानके उत्तीर्ण झाली आहेत. आमचा आक्षेप एवढाच की, दुसरी परीक्षा घेण्याचे कोणास सुचलेच नाही.

ती परीक्षा घेण्याचे काम नागरिकांचे आहे, आणि येथे राहणाऱ्या मराठी वाचकांचे त्यात विशेष कर्तव्य आहे असे आम्हांस वाटते. शिवाजीनगरच्या नावासाठी जेवढी पत्रके निघाली त्यांच्या शतांशानेही कोणी चिक्कपेटेच्या स्थानकात शहाजीराजांच्या दरबाराची आठवण असावी म्हणून अर्ज केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. असा अर्ज करावयाचा तर तो मराठीच्या मानासाठी करू नये. जयराम पिंड्यांनी वर्णिलेल्या त्या बहुभाषी सभेच्या आठवणीसाठी करावा. मजकूर आधी कन्नडात लिहावा, मग तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठीत, आणि तो केंपेगौडाच्या चार नांगरांपासून सुरू करावा. कारण त्या चौकात शहाजीराजे आले ते केंपेगौडाच्या वंशजाकडून शहर घेऊन, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. एका साध्या दगडावर एवढा मजकूर सहज मावेल. त्यास फार खर्च नाही, आणि जिन्याने उतरणाऱ्या माणसास आपण कोणत्या भूमीत उतरत आहोत हे त्यावरून कळेल.